‘बाई, याला वास येतोय’ एवढं म्हणायला मुलांना शिकवू या

प्रति,
मा. प्रधान सचिव, शालेय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन,
मा. संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे,
आणि अंगणवाडीपासून चौथीपर्यंतच्या मुलांसाठी उपक्रम ठरवणारे सर्वजण

विषय : लहान मुलांना अन्नविषबाधा आणि अन्नसुरक्षा शिकवण्याबाबत

महोदय / महोदया,

सप्रेम नमस्कार.

एखाद्या शाळेत मुलांना विषबाधा झाली की पुढे काय होतं ते आपण सगळेच जाणतो. अन्न व औषध प्रशासनाचे लोक नमुने घेऊन जातात, चौकशी बसते, मुख्याध्यापकांना कारणे दाखवा नोटीस निघते, बचत गटाचं काम काढून घेतलं जातं आणि जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना एक परिपत्रक येतं. धान्य कसं साठवायचं, पाण्याची टाकी कधी धुवायची, चव कोणी घ्यायची हे त्यात नीट लिहिलेलं असतं, आणि ते हवंच. पण ज्यांच्या पोटात ते अन्न जातं त्या मुलांना काय शिकवायचं, त्यांनी काय ओळखायचं आणि कुणाला सांगायचं, हे सांगणारं परिपत्रक माझ्या नोकरीत माझ्या हाती आलं नाही.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. नोकरीची बहुतेक वर्षं सातारा जिल्ह्यात, जिल्हा परिषदेच्या शाळांत, पहिली-दुसरीच्या वर्गांवर गेली. शालेय पोषण आहाराचं कामही बराच काळ माझ्याकडे होतं. त्यामुळे हे पत्र स्वयंपाकघराच्या दारातून आणि वर्गाच्या सतरंजीवरून लिहिलेलं आहे, असं समजून वाचावं.

१६ जुलै २०१३ रोजी बिहारमधल्या सारण जिल्ह्यात, धर्मसती गंडामन या गावात, शाळेतलं जेवण जेवून २३ मुलं दगावली. भात आणि सोयाबीन-बटाट्याची भाजी होती. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक असल्याचं तपासणीत निघालं. २०१६ साली मुख्याध्यापिकेला शिक्षाही झाली. त्या वेळच्या बातम्यांतली एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. तेलाला वेगळाच वास येतोय हे स्वयंपाक करणाऱ्या बाईंच्या लक्षात आलं होतं, आणि भाजीची चव बरी नाही अशी तक्रार मुलांनीही केली होती. म्हणजे सूचना मिळाली होती. ती देणारी माणसं त्या शाळेतली सगळ्यात लहान होती, कुणी वयानं, कुणी मानानं, आणि त्यांचं बोलणं कुणी मोजलं नाही.

आपल्याकडे असं होणार नाही असं म्हणायची माझी तयारी नाही. जेवायच्या वेळी आपण मुलांना काय सांगतो ते आठवा. हात जोडा, श्लोक म्हणा, ताटात टाकायचं नाही, अन्नाला नावं ठेवायची नाहीत, गुपचूप जेवा. हे संस्कार चांगलेच आहेत. दुष्काळी गावांत मी नोकरी केली आहे, अन्नाची किंमत मला कुणी सांगायला नको. पण अन्नाला नावं ठेवणं वेगळं आणि अन्न बिघडलंय असं सांगणं वेगळं, हे सहा वर्षांच्या मुलाला आपोआप कळत नाही. ‘मला कारलं आवडत नाही’ म्हटलं तरी ओरडा बसतो आणि ‘आमटीला आंबूस वास येतोय’ म्हटलं तरी ओरडा बसतो. मग मूल दोन्ही गिळायला शिकतं.

एकदा मार्चच्या उन्हात मटकीची उसळ होती. फडक्यात बांधून ठेवलेली मटकी उकाड्यानं आंबली होती. पण फोडणीला लसूण आणि कांदा-लसूण मसाला भरपूर, त्यामुळे मोठ्यांच्या नाकाला काही कळलं नाही. चव घेणाऱ्या पालकांची वहीत सहीसुद्धा झाली होती. दुसरीतल्या एका मुलीनं पहिला घास तोंडाजवळ नेला आणि थांबली. शेजारची म्हणाली, “गप खा की, बाई ओरडतील.” ती तशीच बसून राहिली. खाईना आणि बोलेनाही. जवळ जाऊन विचारलं तेव्हा मान खाली घालून म्हणाली, “बाई, ओल्या पोत्यासारखा वास येतोय.” पातेल्याच्या तळातून डाव फिरवून वास घेतला तर तिचं म्हणणं तंतोतंत खरं होतं. उसळ वाढायची थांबवली. मुलांनी त्या दिवशी भात आणि गूळ खाल्ला.

त्या मुलीला कळलं होतं. सांगायलाही येत होतं. सांगावं की नाही, एवढंच ठरत नव्हतं. माझी पहिली मागणी त्याच्यासाठी आहे. पोषण आहाराच्या चव नोंदवहीत मुलांच्या म्हणण्याचा एक रकाना घाला. कुठल्याही मुलानं ‘वास येतोय’, ‘कडू लागतंय’, ‘खडा नाही, काहीतरी दुसरंच आहे’ असं म्हटलं की वाढणं तिथंच थांबवायचं, एका मोठ्या माणसानं परत चव आणि वास घ्यायचा आणि मूल काय म्हणालं, आपण काय केलं, ते दोन ओळींत लिहायचं. तक्रार खोटी निघाली तरी मुलाला रागवायचं नाही. मुलांना आधी चाखायला लावा असं मी अजिबात म्हणत नाही. चाखायचं काम मोठ्यांचंच आहे आणि ते मुलांवर चुकूनही जाऊ नये. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत हा हिशेब आपण वर्षानुवर्षं ठेवतो. त्याच वहीत मुलाच्या दोन शब्दांनाही जागा असावी.

मात्र नाकावर सगळा भार टाकून चालणार नाही. विषबाधा करणारं बरंचसं अन्न दिसायला, वासाला, चवीला उत्तम असतं. मुलांना हे पटवणं अवघड आहे, कारण घरात त्यांनी उलटंच ऐकलेलं असतं. बुरशी दिसत नाही ना, मग खा. शंका आली तर एक उकळी काढ, झालं. आता भाताचंच घ्या. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू भात शिजला तरी मरत नाहीत. भात कोमट राहून तासन्‌तास पडला की ते पुन्हा वाढीला लागतात, आणि त्यांनी तयार केलेलं उलट्यांचं विष परत गरम केल्यानं जात नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा दुसरा जंतू आपल्या नाकात असतो, बोटावरच्या पिकलेल्या फोडात असतो. तिथून तो पेढ्यात, शिऱ्यात, श्रीखंडात जातो, आणि त्याचंही विष उकळीला दाद देत नाही. खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या अन्नसुरक्षेच्या पाच सूत्रांत हात आणि भांडी स्वच्छ, कच्चं-शिजलेलं वेगळं, नीट शिजवणं, चांगलं पाणी या चारांबरोबर तापमानाचं सूत्रही आहे : शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, कारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे जंतूंची वाढ झपाट्यानं होते.

पहिलीच्या मुलाला अंश सेल्सिअस सांगायची गरज नाही. त्याला घड्याळही वाचता येत नाही. पण वर्गीकरण त्याला छान येतं, किंबहुना पहिलीचं अर्धं गणित तेच असतं. चित्रं काढून दोन ढीग करायला सांगा : ‘आजच, लगेच खायचं’ आणि ‘उद्याही चालेल’. भात, उसळ, ओल्या खोबऱ्याची चटणी, दही घातलेली कोशिंबीर, कापलेलं कलिंगड एका बाजूला. शेंगदाण्याची चटणी, चिवडा, बेसनाचा लाडू, भाकरीचा कडकडीत वाळलेला तुकडा दुसऱ्या बाजूला. मुलं भांडतात, ‘आमच्या घरी चपाती उद्या पण खातात’ म्हणतात, आणि त्या भांडणातूनच त्यांना कळतं की ओलं लवकर बिघडतं आणि कोरडं उशिरा. मग डब्यात काय द्यायचं ते पोरं घरी जाऊन आईला सांगतात. या वयातली मुलं शाळेतलं घरी सांगतात, आणि ठासून सांगतात. मोठ्या वर्गात गेली की हे बंद होतं. म्हणून मी पहिली-दुसरीचाच आग्रह धरते आहे.

हात धुण्याबद्दल आपण पुष्कळ केलंय. दर वर्षी १५ ऑक्टोबरला हात धुवा दिन होतो, रांगेत उभी असलेली मुलं, फोटो, सगळं होतं. पण १६ ऑक्टोबरला नळावर साबण असतो का, हे कोण बघतं? बऱ्याच शाळांत साबण शिक्षक पदरचे पैसे घालून आणतात. वडी नळापाशी ठेवली तर कावळा नेतो किंवा चिखलात पडते. जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधली की टिकते, एवढं साधं आहे. साबणासाठी वेगळे पैसे द्या, एवढंच मागणं आहे. शिकवण्याचं म्हणाल तर ते एका पावात होतं. पावाचे तीन तुकडे घ्यायचे. एक चिमट्यानं उचलून थेट पिशवीत. दुसरा साबणानं हात धुतलेल्या मुलांनी हाताळलेला. तिसरा मैदानातून खेळून आलेल्या मुलांनी. पिशव्यांची तोंडं पक्की बांधून त्या फळ्याजवळ टांगायच्या, रोज बघायच्या, आणि काही झालं तरी उघडायच्या नाहीत. आठवड्याभरात बहुधा तिसऱ्या पिशवीत आधी हिरवे-काळे ठिपके आणि पांढरी लव दिसायला लागते. त्यानंतर ‘हात धुवा’ सांगावं लागत नाही. फक्त एक गोष्ट शिक्षकांनी त्याच वेळी सांगायला हवी, की उलट्या-जुलाब करणारे जंतू या बुरशीपेक्षाही बारीक असतात आणि असे दिसत नाहीत. ते सांगितलं नाही तर मुलांच्या डोक्यात ‘दिसलं तरच वाईट’ हेच पक्कं होतं.

आता चंद्रज्योतीकडे वळते, कारण पाठ्यपुस्तकाच्या अन्नघटकांत ती बसत नाही आणि गावोगावच्या पोरांना दवाखान्यात पोचवण्यात तिचा मोठा वाटा आहे. मोगली एरंड म्हणा, जत्रोफा म्हणा. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून बांधाला आणि कुंपणाला लावतात, शाळेच्या कुंपणालाही असते. पावसाळ्यानंतर फळं पिवळी पडतात, मग काळपट होऊन वाळतात. आत काळ्या बिया. बी फोडली की आतला गर पांढराशुभ्र, शेंगदाण्याएवढा, चवीला गोडसर. मधल्या सुट्टीत एकानं फोडून खाल्ली की पाच जणांना वाटतो. तासा-दोन तासांत पोटात कळ, उलट्या, जुलाब. एकाच गावच्या दहा-पंधरा मुलांना चंद्रज्योतीच्या बिया खाऊन विषबाधा, ही बातमी महाराष्ट्रातल्या किती तरी जिल्ह्यांतून वारंवार येते.

इथं चव मुलांना फसवते. म्हणून हे झाड दाखवूनच शिकवायला हवं. पहिलीतल्या मुलांना कुंपणापर्यंत न्या, पान दाखवा, फळ दाखवा, शेंगदाण्याशेजारी ती बी ठेवून फरक दाखवा आणि सगळ्यांचे हात धुवून घ्या. नियम एकच सांगा : झाडाचं, वेलीचं, रानातलं काहीही मोठ्या माणसाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. बोरं, चिंचा, करवंदं, आवळे खाऊ नका असं मी म्हणत नाही. ते खाणं हा मुलांचा हक्कच आहे. दाखवून खा, एवढंच. आणि याहून महत्त्वाचं, खाल्लंच असेल तर लपवू नका. आमच्या भागातल्या अशा प्रकरणांत डॉक्टरांची सगळ्यात मोठी अडचण ही असायची की मुलं काय खाल्लं ते सांगतच नाहीत, मार बसेल म्हणून. सोबत एक बी किंवा फळ घेऊन या, कुणी मारणार नाही, असं सगळ्या वर्गासमोर आधीच सांगून ठेवावं लागतं. उलट्या होत असताना सांगून उपयोग नसतो.

कीटकनाशकाचंही असंच. गंडामनच्या मुलांना कुठल्याही धड्यानं वाचवलं असतं असं मी म्हणणार नाही, ती जबाबदारी सर्वस्वी मोठ्यांची होती. पण आपल्या खेड्यांत औषधाचा रिकामा डबा धुऊन त्यात रॉकेल, तेल, कधी पाणीसुद्धा भरतात, आणि ते मुलांच्या डोळ्यांदेखत होतं. कीटकनाशकाच्या डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाला लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो, विषाच्या तीव्रतेप्रमाणे. मुलांना रंग पटकन कळतात म्हणून हे शिकवावं असं मला नेहमी वाटायचं, आणि त्यातला धोकाही तिथंच आहे. बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका मुलांना माहीत असतो, तो शाकाहारी पदार्थाचा. सिग्नलचा हिरवा म्हणजे जा. मग औषधाच्या डब्यावरचा हिरवा त्रिकोण म्हणजे चांगलं, असंच मूल समजणार. म्हणून रंग शिकवताना सांगायचं ते असं : ‘असा टोकावर उभा चौकोन दिसला की रंग कुठलाही असो, हात लावायचा नाही, आणि घरात त्या डब्यात खायचं-प्यायचं काही ठेवलेलं दिसलं तर लगेच सांगायचं.’ अन्नसुरक्षेचे तक्ते तयार करणाऱ्या तज्ज्ञांनी हा मुद्दा जरूर विचारात घ्यावा. शहरातल्या मुलांसाठी तयार केलेल्या तक्त्यांत फ्रिज असतो, पिझ्झा असतो. आमच्या मुलांच्या घरात फवारणीचा पंप असतो आणि त्याच खोलीत धान्याची कणगी असते.

भीती घालून मात्र शिकवू नका. हे मी फार तळमळीनं लिहिते आहे. शाळेतलं जेवण हे पुष्कळ मुलांचं दिवसातलं सगळ्यात चांगलं जेवण असतं. ‘जंतू’ म्हटलं की पहिलीतलं मूल वळवळणाऱ्या अळ्या डोळ्यांपुढे आणतं आणि दोन दिवस वरण खात नाही, असं मी पाहिलं आहे. मरणाच्या गोष्टी, दवाखान्यातले फोटो, सुया-सलाईनचे व्हिडिओ या वयाला दाखवायचे नाहीत. काय करायचं ते दाखवायचं : झाकायचं, धुवायचं, गरम खायचं, विचारायचं, सांगायचं.

आणखी एक सावधगिरी यापेक्षाही मोठी आहे. अन्नाची शुद्धता हा विषय आपल्या देशात निव्वळ जंतूंचा कधीच नव्हता. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडमधल्या चंपावत जिल्ह्यात, सुखीढांगच्या शाळेत, दलित भोजनमातेनं शिजवलेलं जेवण सवर्ण घरांतल्या मुलांनी नाकारलं होतं. महाराष्ट्रात आपण स्वतःला वेगळे समजतो, पण ‘आज कुणी केलंय?’ हा प्रश्न आपल्या शाळांच्या व्हरांड्यांतही ऐकू येतो. मुलांना अन्नावर शंका घ्यायला शिकवायचं तर ही शंका कशावर घ्यायची आणि कशावर घ्यायची नाही, हे त्याच तासाला, स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. ‘हात धुतलेत का?’ हा प्रश्न सगळ्यांना विचारायचा, बाईंना, सरांना, स्वयंपाकीण मावशींना, सरपंचांनासुद्धा. ‘हात कुणाचे आहेत?’ हा प्रश्न कुणालाच विचारायचा नाही. जंतूंना जात कळत नाही हे सहा वर्षांच्या मुलाला सांगितलं तर ते पटकन पटतं, त्याला त्यात नवल वाटत नाही. शिक्षकांसाठी जी हस्तपुस्तिका निघेल तिच्या पहिल्याच पानावर हे असावं. नाहीतर आपण विज्ञान शिकवायला जाऊ आणि सोवळ्याला नवं नाव देऊन येऊ.

स्वयंपाकीण मावशींना या सगळ्यात बरोबर घ्या, तेही याच कारणासाठी. तुटपुंज्या मानधनावर चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या या बायकांना चौकशीच्या वेळी आपण पहिल्या बोलावतो. वर्गात कधी बोलावत नाही. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं त्यांनी मुलांसमोर डाळ निवडून दाखवावी. टोका, म्हणजे धान्यातला किडा, कसा ओळखायचा, तांदूळ किती पाण्यात धुवायचा, भाजी चिरायच्या आधी का धुवायची आणि चिरल्यावर का नाही, हे त्यांनी सांगावं. मुलांच्या नजरेत त्यांचा मान वाढतो, आणि ज्या माणसाचा मान असतो त्यानं ‘तेलाला वास येतोय’ म्हटलं तर शाळा ते ऐकते.

आपल्याकडे एक तयार संधी आहे, ती आपण दर वर्षी वाया घालवतो. बालआनंद मेळावा. डिसेंबर-जानेवारीत जिल्हा परिषदेच्या शाळांत मुलं पाणीपुरी, भेळ, इडली, वडापाव, ढोकळा घरून करून आणतात, टेबल मांडतात, विकतात. खरी कमाई म्हणून नफा-तोटा शिकवतात, सुट्टे पैसे मोजायला शिकवतात. पण चौथीतला मुलगा एका हातानं नाणी घेतो आणि त्याच हातानं पुरीला भोक पाडतो, तेव्हा त्याला कुणी थांबवत नाही. पाणीपुरीचं पाणी सकाळी कुठल्या बादलीतून आलं ते कुणी विचारत नाही. खोबऱ्याची चटणी दुपारी तीनपर्यंत उन्हात उघडी असते. त्या एका दिवशी सगळा अभ्यासक्रम समोर मांडलेला असतो. पैसे घेणारा एक आणि पदार्थ देणारा दुसरा, अशा जोड्या पाडा. पाण्याचा पिंप झाकलेला, काढायला ओगराळं. पदार्थ पानात किंवा ताटलीत द्यायचा, छापील वर्तमानपत्राच्या कागदात नाही, कारण त्या शाईत आरोग्याला घातक रंग आणि रसायनं असतात आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांतही त्याला मनाई आहे. आणि दोन मुलं ‘अन्न निरीक्षक’ म्हणून बिल्ला लावून फिरू देत. बिल्ला मिळाला की दुसरीतलं पोरगंही गावच्या पाटलाला सांगतं, ‘काका, आधी हात धुवा.’ याला पैसे लागत नाहीत. मेळाव्याच्या पत्रात चार ओळी वाढवाव्या लागतात.

गावाचाही यात फायदा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला हरिनाम सप्ताहात एकादशीचा भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो लोक आजारी पडले. दवाखान्यात जागा पुरेना म्हणून उघड्यावर दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या टांगल्या होत्या. भगरीला ओल लागली की तिच्यावर विषारी द्रव्य तयार करणारी बुरशी वाढते, म्हणून भगर सुटी न घेता पाकिटातली घ्या, कोरडी ठेवा, पीठ दळून साठवू नका, असं अन्न व औषध प्रशासन दर महाशिवरात्रीला सांगत असतं. ही सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानात राहते. तिसरीतल्या मुलानं आजीला सांगितली तर घरात पोचते.

शेवटी, आजारी पडल्यावर काय करायचं तेही लहानपणीच शिकवावं. शेजारच्याला उलटी झाली की हसायचं नाही, पळत जाऊन बाईंना सांगायचं. पोट कधीपासून दुखतंय, काय खाल्लं, आणखी कुणी खाल्लं, या तीन गोष्टी सांगता आल्या तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं. हा संवाद नाटुकलं म्हणून वर्गात करून घेता येतो. पहिलीची मुलं डॉक्टर व्हायला एका पायावर तयार असतात. आपल्या मनानं मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोटं घालून उलट्या काढायच्या नाहीत, १०८ ला फोन करायचा, हे मोठ्यांनाही कळलं पाहिजे. ओआरएसचं पाकीट शाळेत असतं, पण ते अर्धं फोडून पेल्यात ढवळलेलं मी कितीदा पाहिलं आहे. पूर्ण पाकीट, एक लिटर पाणी. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. तिसरी-चौथीच्या मापनाच्या धड्यात हेच माप घ्या, लिटर शिकवायला दुधाचं भांडंच कशाला हवं? डॉ. दिलीप महालनोबीस यांनी १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत असंच ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेलं पाणी नातेवाइकांच्या हाती देऊन हजारो कॉलराग्रस्तांचे जीव वाचवले. ही गोष्ट चौथीच्या मुलांना सांगितली की डोळे मोठे करून ऐकतात.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे जगात दर वर्षी सुमारे ४ लाख २० हजार माणसं दगावतात आणि त्यांतली १ लाख २५ हजार पाच वर्षांखालची मुलं असतात. म्हणजे अंगणवाडीच्या वयाची आणि त्याहून लहान. म्हणून हे पत्र महिला व बाल विकास विभागालाही लागू आहे.

कसं राबवावं याबद्दल थोडं. ७ जून हा जागतिक अन्नसुरक्षा दिन आहे, पण तेव्हा आपल्या शाळांना सुट्टी असते, त्यामुळे तो शिक्षकांच्या गटावर एक पोस्टर फिरवून साजरा होतो. तो दिवस धरून बसू नका. नवा विषय, नवी वही, नवी लिंक, रोजचे फोटो भरणं, यांतलं काहीही नको. शिक्षक आधीच माहिती भरून भरून थकले आहेत, आणि लिंक आली की उपक्रम लिंकेपुरता उरतो. आनंददायी शनिवारचे तास आहेत, परिपाठ आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रोजचं जेवण आहे. जेवणाची ती वीस-पंचवीस मिनिटं शिकवण्याचा वेळ म्हणून धरा आणि त्या वेळात शिक्षकांना दुसरं काम, ऑनलाइन बैठक, तातडीचा अहवाल देऊ नका. एवढा एक आदेश काढलात तरी निम्मं काम होईल.

तेव्हा माझ्या मागण्या मर्यादित आहेत. चव नोंदवहीत मुलांच्या म्हणण्याचा रकाना, साबणासाठी वेगळी तरतूद, बालआनंद मेळाव्याच्या पत्रात चार ओळी, पावसाळा संपता संपता चंद्रज्योतीचा एक तास, आणि शिक्षकांसाठी पंधरा-वीस पानांची हस्तपुस्तिका, जी लिहिणाऱ्या गटात एक तरी अंगणवाडी सेविका आणि एक तरी स्वयंपाकीण मावशी असेल. नोंदवह्यांची छपाई नव्या वर्षासाठी उन्हाळ्यातच होते, म्हणून रकान्याचा निर्णय एप्रिलच्या आत व्हावा ही विनंती. नमुना पान मी तयार करून ठेवलं आहे. आपल्या कार्यालयानं मागितलं तर लगेच पाठवते.

कळावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
जिल्हा सातारा